मास्तरांनी नोंदवलेली भुतं

इतिहास म्हटलं की आपल्या गावच्या माणसाला पहिल्यांदा १ जानेवारी १८१८ ही तारीख आठवते. नदीपलीकडं पेरण्याच्या हद्दीतला जयस्तंभ, इकडं वढू बुद्रुक, वर तुळापूरचा संगम. एवढ्या मोठ्या इतिहासाच्या मधोमध आपण दप्तर पाठीला लावून शाळेत गेलो. "तुला इतिहासात बरे मार्क पडायचे, तू इतिहासावर लिही," असा स्मरणिकेच्या मंडळींचा निरोप आला, तेव्हा मला मात्र आठवली नदीकडच्या वाटेवरची चिंच. आणि त्या चिंचेवरची हडळ.

तुमच्यापैकी निम्म्यांना ती चिंच आठवत असेल. तिच्याखालून जायचे नियम होते. तिन्हीसांजेला जायचं नाही. केस मोकळे सोडून जायचं नाही. मागून हाक आली तर वळून बघायचं नाही, कारण हडळीचे पाय उलटे असतात आणि ते दिसले की माणूस संपलाच. आपल्या वर्गातल्या एकाने तर बांगड्यांचा आवाजही ऐकला होता. (तो आता उपसरपंच आहे, म्हणून नाव लिहीत नाही.)

आठवीत आपल्या विज्ञानाच्या सरांना हे कळलं. त्यांनी मधल्या सुट्टीत आम्हा दहा-बारा जणांना थेट त्या झाडाखाली नेलं, दगड मारून चिंचा पाडल्या, खिशातून मिठाची पुडी काढली आणि म्हणाले, "खा." आम्ही खाल्ल्या. कुणाला काही झालं नाही. "भूत नसतं, भीती असते," एवढंच सर बोलले. संध्याकाळी घरी जाताना आम्ही त्या झाडाखालून तरीही पळतच गेलो. सर, आज हे कबूल करते.

पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली आणि एका जपानी कंपनीच्या कामासाठी काही महिने जपानला जावं लागलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडं एका डोळ्यावर केस आलेल्या मुलाची छोटी बाहुली होती. तो किटारो, भुतांच्या कुळातला मुलगा. त्याचा चित्रकार मिझुकी शिगेरू. दुसऱ्या महायुद्धात राबौलला या माणसाचा डावा हात गेला, आणि उरलेल्या हाताने त्याने आयुष्यभर भुतं काढली. साकाईमिनातो या त्याच्या गावी रस्त्याच्या कडेने या भुतांचे शंभराहून अधिक कांस्य पुतळे बसवलेत आणि लोक पोराबाळांना घेऊन ते बघायला जातात.

जपानीत या सगळ्या गोतावळ्याला 'योकाई' म्हणतात. १७७६ साली तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने त्यांचं चित्रमय पुस्तकच छापलं: एका पानावर एक भूत, शेजारी त्याचं नाव. ते इतकं खपलं की पुढच्या आठ वर्षांत त्याने आणखी तीन संच काढले. नदीतला कप्पा त्यात आहे. कप्पाच्या डोक्यावर पाण्याची वाटी असते. आपण वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, पाणी सांडतं आणि त्याची शक्ती जाते. आजही तिकडं तळ्याकाठी 'पाणी खोल आहे' या पाटीवर कप्पाचं चित्र असतं. आपल्याकडं हेच काम डोहातल्या साती आसरा करायच्या. भीमेच्या डोहात पोरं उतरू नयेत म्हणून.

त्या सहकाऱ्याने विचारलं, "तुमच्याकडं कोणते योकाई आहेत?" म्हटलं, पुष्कळ. तो म्हणाला, "यादी दे." आता इंजिनिअरला यादी मागितली की ती काय करणार? मी एक्सेल उघडलं. रकाने आखले: नाव, कोणाचं भूत, मृत्यू कसा झाला, राहण्याचं ठिकाण, उपाय. नावं आठवणीने भरली, पण बाकीचे रकाने रिकामे राहिले. ते भरण्यासाठी शोधाशोध करताना एक गोष्ट सापडली, जी मला आपल्या शाळेच्या स्मरणिकेतच सांगावीशी वाटते. महाराष्ट्रातली भुतं मोठ्या प्रमाणावर कागदावर उतरवली ती शाळामास्तरांनी.

नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन आपल्याला क्रांतिकारकांच्या धड्यातून माहीत आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हाच जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता. लोकांच्या समजुती गोळा करण्यासाठी त्याने एक लांबलचक प्रश्नावली तयार केली होती आणि ती मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळांकडं गेली. भुतं कुठं राहतात, कशी दिसतात, कोणाला धरतात, कशी जातात, हे सगळे प्रश्न त्यात होते. मास्तरांनी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून उत्तरं लिहिली. जॅक्सनच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते कागद लावून छापले: गुजरातचा खंड १९१४ साली, कोकणचा १९१५ साली, आणि पुढे १९२४ साली सगळ्यावर मिळून एक ग्रंथ. आत पानोपानी तळटिपा आहेत आणि त्यांत माहिती देणारा म्हणून 'शाळामास्तर', पुढे गावाचं नाव. बहुतेकांचं स्वतःचं नाव नाही, फक्त हुद्दा आणि गाव.

योगायोग असा, की त्याच सुमारास, १९१० साली, जपानमध्ये यानागिता कुनिओ या सरकारी अधिकाऱ्याने तोनो नावाच्या डोंगरी मुलखातल्या भुताखेतांच्या कथा ऐकून छापल्या. पहिल्या आवृत्तीच्या ३५० प्रती. तिकडं त्या पुस्तकापासून लोकसंस्कृतीच्या अभ्यासाची शाखा उभी राहिली. आपल्या मास्तरांची उत्तरं इंग्रजी ग्रंथाच्या तळटिपांत राहिली.

तर त्या मास्तरांच्या मदतीने माझा तक्ता भरत गेला. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी, लग्नाआधी गेलेला मुलगा, राहणार पिंपळावर. २०२४ साली त्याच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा तुमच्या मुलांनी तुम्हाला विचारलंच असेल. समंध म्हणजे इच्छा अपुरी ठेवून किंवा वारस न ठेवता गेलेला. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेल्याचा, राहणार पाण्यातच. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली बाई. हडळ, काही ठिकाणी अळवंत, म्हणजे बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली. खवीस बहुतेक ठिकाणी अहिंदूंचा किंवा गावकुसाबाहेरच्या जातींतल्या माणसाचा मानलेला. गावातली उतरंड मेल्यावरही सुटलेली नाही, हे त्या एका ओळीत दिसतं. या सगळ्यांचा राजा वेताळ, आणि तो राखणदारही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला आजही लोक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा.

तक्ता पूर्ण झाल्यावर मी 'मृत्यू कसा झाला' हा रकाना वरून खाली वाचला. मुलं, बुडालेले, निपुत्रिक, बाळंतिणी. म्हातारपणी नातवंडांत सुखाने गेलेल्या माणसाचं भूत त्यात एकही नव्हतं. गावात कोण अकाली मरत होतं आणि कोणाच्या मरणाची टोचणी मागे राहत होती, त्याची ही नोंदवही होती. आणि त्यात बायकांच्या ओळी जास्त होत्या.

आता चित्रांकडं येते. सेकिएनच्या पुस्तकात 'उबुमे' आहे: तान्हं मूल कवटाळून उभी असलेली बाई. बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. ती वाटसरूला म्हणते, माझं मूल जरा धर. म्हणजे आपली हडळच. पण आपल्या हडळीच्या हातात मूल असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडं चित्र मिळालं ते वेताळाला. 'चांदोबा'तलं, राजाच्या खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार असलेलं ते चित्र आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढून जात नाही. चित्रकार शंकर, २०२० साली ते गेले. हडळीला मात्र चित्रकार मिळाला नाही. तिच्या वाट्याला सिनेमातली पांढरी साडी आणि उलटे पाय आले. तिला मूल होतं, किंवा होणार होतं, हे आपण विसरून गेलो.

त्या रात्री मी जपानहून दौंडला आत्याला फोन केला. विचारलं, "आत्या, आपल्या चिंचेवरची हडळ कोण होती गं?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय? ती थोरली. तुझ्या आज्याची पहिली बायको. बाळंतपणात गेली. पोरगंबी गेलं. सतरा-अठरा वर्षांची आसंल."

माझी आजी दुसरेपणाची होती, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं.

मग एकेक गोष्ट जागेवर बसली. आजीच्या गळ्यात काळ्या पोतीत एक झिजलेला चांदीचा टाक असायचा, त्यावर पुसट झालेली बाईची आकृती. आम्हाला वाटायचं देवीचा असेल. तो सवतीचा टाक होता. दुसरी बायको पहिलीला असं गळ्यात घालून वावरते, म्हणजे पहिली तिला त्रास देत नाही. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला आजी पुरणाचा स्वयंपाक करायची, एका सवाष्णीला जेवायला बोलावून तिची ओटी भरायची आणि त्या दिवशी कुणाशी फार बोलायची नाही. आम्ही पोरं पुरणपोळी खाऊन खेळायला पळायचो. आज्याच्या आधी गेलेल्या त्या पोरीचं ते श्राद्ध होतं. आजीने ते जवळजवळ पन्नास वर्षं घातलं.

बाई एकच. गावाच्या वहीत हडळ, आणि आमच्या स्वयंपाकघरात सवाष्ण. आजी आम्हाला त्या चिंचेखाली जाऊ नका म्हणायची ते कशाच्या भीतीने, की तिथं पोरांनी दंगा करू नये असं तिला वाटायचं म्हणून, हे विचारायला आता आजी नाही.

मी आत्याला थोरलीचं नाव विचारलं. तिला माहीत नाही. लग्नात सासरी नाव बदललेलं, म्हणजे तिला दोन नावं असणार. दोन्ही गेली. उरलं 'थोरली' आणि 'हडळ'.

जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या रात्री नाट्यगृहात 'संगीत शारदा' चालू होतं, म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या कोवळ्या पोरीचं नाटक. त्याच्याच प्रश्नावलीला उत्तरं देताना मास्तर लोक अशाच पोरींची भुतं नोंदवत होते. नाटक पाहून लोक रडत होते आणि घरी जाताना चिंचेखालून पळत होते.

भुतं विजेच्या दिव्याने गेली असं आपण म्हणतो. माझ्या मते हडळ दवाखान्याने गेली. २०१८-२० च्या पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू नोंदले गेले. थोरलीच्या काळाशी याची तुलनाच नको. आपल्या वर्गातल्या मुलींची बाळंतपणं झाली, आणि गावात नवी हडळ झाली नाही. पण अंगात आलं म्हणून बाईला बांधून मारणं इतक्यात थांबलं नाही. त्यासाठी २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर, जादूटोणाविरोधी कायदा यावा लागला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा त्यातल्या यादीतला पहिलाच गुन्हा आहे. म्हणून सर, तुम्ही आम्हाला चिंचा खायला घातल्यात ते योग्यच होतं. भूत नसतं हे तुमच्यामुळं कळलं. ती कोण होती हे विचारायला मात्र मला पुढं पंचवीसएक वर्षं लागली.

चिंच आता नाही. तिथं गाळे झालेत. टाक माझ्या आईकडं आहे. या दिवाळीत शिरूरला तहसील कचेरीत जाऊन जुनी कोतवाल बुकं बघायचं ठरवलंय. नोंद सापडली तरी तिथं नाव असेल की नुसतं 'अमक्याची बायको', बघू.

मित्रमैत्रिणींनो, मेळाव्याला येताना एक काम करा. तुमच्या वाडीवस्तीवर, विहिरीवर, पिंपळावर जे कोणी राहत होतं, ते कोण होतं हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. नाव मिळालं तर नाव लिहून आणा. वही मी आणते. आणि सर, बाई, पहिलं पान तुम्ही लिहा. हे काम तुमच्याआधीच्या मास्तरांनी सुरू केलं होतं.