282 भागिले 750

ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लेखी मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे पन्नास वेळा आलेले "म्हणजे बघा" काढून टाकलेत.

आजचा विषय एका भागाकाराचा आहे. तो मी स्वतः चुकवलाय, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी मावसबहीण बारावीनंतर थेट अमेरिकेत डिग्रीला जायचं म्हणून अर्ज भरत होती. घरात कॉम्प्युटरवाला मी एकटा. रात्री अकराला तिचा फोन आला, "दादा, इथे जीपीए विचारलाय, चारपैकी. काय लिहू?" तिकडची कॉलेजं नववी ते बारावी अशी चार वर्षं बघतात. तिचे टक्के होते नववीला 71, दहावीला 86, अकरावीला 58 आणि बारावीला 77. अकरावीचं आश्चर्य वाटून घेऊ नका, सायन्सच्या अकरावीचे पेपर कसे तपासतात ते आपल्याला माहितीये. सरासरी आली 73. शंभराचे चार करायचे तर पंचवीसने भागायचं. 2.92. मी एक्सेलमध्ये एका ओळीचा फॉर्म्युला टाकला, तिला आकडा सांगितला आणि झोपलो.

त्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची अट होती किमान 3.0. आठवड्याभरात मेल आला की प्रवेशाचा विचार होईल, शिष्यवृत्तीचा नाही. शिष्यवृत्तीशिवाय तिथे जाणं मावशीच्या घराला झेपणारं नव्हतं. 0.08 ने गेलं.

आता मी बीटेक केलेला माणूस. सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना नुसता गुणाकार चालत नाही, कारण दोन्हीकडचं शून्य वेगळ्या जागी आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी पंचवीसने भागलं तेव्हा गृहीत धरलं की महाराष्ट्र बोर्डाचं शून्य आणि अमेरिकेचं शून्य एकाच जागी आहे, आणि शंभरही. हे तपासायला मी नंतर इतिहासात शिरलो, आणि तिथून हा एपिसोड निघाला.

अमेरिकेत मार्कांची सगळ्यात जुनी म्हणून सांगितली जाणारी नोंद येल कॉलेजची आहे. 1785 साली तिथले अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी 58 विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली आणि डायरीत त्यांचे चार लॅटिन ढीग केले. 20 उत्तम, 16 दुसऱ्या दर्जाचे उत्तम, 12 त्याखालचे आणि 10 अगदी खालचे. बस. टक्के नाहीत. एका मास्तरने आपल्या पोरांकडे बघून केलेली वाटणी. पुढे येलमध्येच चारपैकी आकडा द्यायची पद्धत रुळली. टक्क्यांचं आणि अक्षरांचं लग्न लागायला मात्र जवळजवळ संपूर्ण एकोणिसावं शतक गेलं. माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजने 1897 मध्ये A, B, C, D ला टक्क्यांचे पट्टे ठरवून दिले. 95 च्या वर A. आणि 75 च्या खाली? नापास!

हा आकडा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आपल्याकडे बारावीला 75 म्हणजे डिस्टिंक्शन. पेढे.

आजची अमेरिकन शाळा इतकी कडक नाही. साधारण 90 च्या वर A, 80 च्या वर B, 70 च्या वर C आणि 60 च्या खाली नापास. आता माझ्या बहिणीची मार्कशीट घ्या. हा तक्ता लावला तर तिचा जीपीए येतो 1.75, आणि अकरावी चक्क नापास. माझ्या भागाकाराने 2.92. आणि ज्या अमेरिकन मूल्यमापन संस्था रोज भारतीय मार्कशीट बघतात, त्यांच्या तक्त्यांत 60 च्या वरचे मार्क बहुतेक वेळा A मध्ये धरतात आणि 50 च्या वरचे B मध्ये. तसं केलं की 3.75. पोरगी तीच, पेपर तेच.

मग आपलं स्केल असं का? मुंबई विद्यापीठ 1857 चं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेलं. म्हणजे शिकवणारा वेगळा, पेपर तपासणारा अनोळखी, आणि परीक्षा हे पोरांना गाळायचं यंत्र. अशा यंत्रात निबंधाला 100 पैकी 90 द्यायचे नसतातच. कागदावर शंभर असतात, खरा खेळ पस्तीस ते पासष्टमध्ये होतो. अमेरिकेत मात्र मार्क देणारा बहुधा वर्गात शिकवणाराच. त्याचा खेळ साठ ते शंभरमध्ये. दोन्ही पट्ट्यांवर 0 ते 100 छापलंय, एवढंच काय ते साम्य.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. मार्क 750 पैकी 282. धनंजय कीरांच्या चरित्रात हा आकडा आहे. विद्यार्थी अर्थातच भीमराव आंबेडकर. 282 भागिले 750 म्हणजे 37.6 टक्के. माझ्या फॉर्म्युल्याने जीपीए दीड.

आणि त्या दीडचं तेव्हा काय झालं? मुंबईत जाहीर सभा झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सी. के. बोले अध्यक्ष, आणि कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. सभेला आलेल्या लोकांना 282 चा अर्थ नीट कळत होता, कारण तो मुलगा कुठून आला आणि बाकीचे किती जण त्या दारापर्यंतही पोचले नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांनी, 1913 च्या जुलैमध्ये, बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. प्रवेश बी.ए. च्या जोरावर होता, मॅट्रिकच्या नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण बी.ए. सुद्धा त्याच मुंबई विद्यापीठाची. 1915 मध्ये ते तिथे एम.ए. झाले. कुणी माझ्यासारखा एक्सेलवाला मध्ये बसला असता तर?

त्याआधी तीस वर्षं, 1883 मध्ये, आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला गेल्या तेव्हा तर रूपांतर करायला मार्कशीटच नव्हती. कॉलेजला त्यांनी पत्र लिहिलं, आपण का शिकायचं म्हणतो ते सांगितलं, आणि 1886 मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. तेव्हा अर्ज वाचणारं माणूस असायचं.

पुढे अर्ज वाढले. अमेरिकन सरकारच्या शिक्षण खात्याने 1919 पासून परदेशी प्रमाणपत्रांचं मूल्यमापन करायला सुरुवात केली आणि 1970 च्या सुमारास ते काम सोडून दिलं. ती जागा खासगी आणि ना-नफा संस्थांनी घेतली. डब्ल्यूईएस, जिचं नाव कॅनडाला जाणाऱ्या तुमच्या प्रत्येक मित्राच्या तोंडी असतं, ती 1974 ची. त्यांचं काम म्हणजे देशोदेशीच्या मार्कांचे तक्ते ठेवणं आणि ते बदलत राहणं. कारण पट्टीही स्थिर नसते. इंग्लंडच्या ए-लेव्हलचं बघा. 1963 पासून ठरलं होतं की वरच्या साधारण 10 टक्के मुलांनाच A द्यायचा. 2021 मध्ये, कोविडमुळे शिक्षकांनीच ग्रेड दिल्या तेव्हा, A किंवा त्याहून वरच्या ग्रेड होत्या 44.8 टक्के. अक्षर तेच. आपल्याकडे लातूरची पोरं दहावीला 100 पैकी 100 टक्के आणतातच की. बाबासाहेबांच्या वेळच्या परीक्षकाला हे सांगितलं असतं तर त्याने पेपरफुटीचीच चौकशी लावली असती.

बरं, हे फक्त अमेरिकेला जाणाऱ्यांचं दुखणं आहे असं समजू नका. मुंबईत अकरावीच्या प्रवेशासाठी 2008 साली राज्य सरकारने एसएससी, सीबीएसई, आयसीएसईचे मार्क जुळवायला पर्सेंटाइलचं सूत्र काढलं. हायकोर्टाने रद्द केलं. 2009 मध्ये 90:10 चा कोटा आणला. तोही रद्द. मग 2010 ला बेस्ट फाइव्ह, ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. एकाच शहरातल्या, एकाच बसने शाळेत जाणाऱ्या पोरांचे मार्क जुळवताना तीन वर्षं कोर्टात गेली. आणि सीबीएसईचा तो 9.5 चा गुणक आठवतो? सीजीपीए गुणिले 9.5 म्हणजे टक्के. 91 ते 100 च्या पट्ट्यातल्या मुलांची सरासरी 95 च्या आसपास येत होती, म्हणून तो आला. फक्त वरच्या पट्ट्याचा हिशोब, पण लावला सगळ्यांना. कोडमध्ये असं कुणी केलं तर आम्ही रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो.

मावसबहिणीचं काय झालं ते राहिलंच. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केले. यावेळी सूचना नीट वाचल्या. बऱ्याच कॉलेजांनी स्पष्ट लिहिलेलं होतं की परदेशी विद्यार्थ्यांनी मार्क बदलू नयेत, मूळ स्केलमध्ये आहेत तसेच द्यावेत. हे आधीच्या वर्षीही बहुतेक लिहिलेलं असणार, मी वाचलं नव्हतं. जीपीएचा रकाना रिकामा ठेवला. ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात ती चार चकरा मारून आली, कारण तिला हवं होतं एक पानाचं पत्र: आमच्याकडे पास 35 ला, पहिला वर्ग 60 ला, डिस्टिंक्शन 75 ला, आणि अकरावीच्या 118 मुलांत हिचा नंबर सहावा. क्लार्ककाका म्हणाले, "असलं पत्र आम्ही कधी दिलं नाही." शेवटी मजकूर तिनेच टाइप करून नेला आणि प्राचार्यांनी वाचून सही केली.

58 टक्क्यांना वर्गात सहावी. मलाही ते पत्र वाचूनच कळलं.

दुसऱ्या एका विद्यापीठात तिला अर्धी शिष्यवृत्ती मिळाली. उरलेल्या अर्ध्यासाठी मावशीने कर्ज काढलंय, आणि एक वर्ष गेलं ते गेलंच. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "दादा, इथे मला 91 पडले आणि प्रोफेसर म्हणाले, जरा सुधारणा हवी." ते एक्सेल अजून माझ्या ड्राइव्हवर आहे, ऑफिसमधला एक जण भाच्यासाठी मागत होता. त्याला मी त्या पत्राचा फोटो पाठवला.