प्रवासवर्णन कसे वाचावे?

आपल्या जिल्ह्यातील कापसाने जग फार लवकर पाहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि इथल्या रुईच्या गाठी मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांकडे जाऊ लागल्या. कापूस पिकविणारा मात्र घरीच राहिला. आपला माल जातो त्या मुलखातली माणसे कशी राहतात, हे त्याला सांगणार कोण? ते काम प्रवासवर्णनांनी केले. म्हणून ही पुस्तके केवळ करमणुकीची समजू नयेत. मात्र ती डोळे झाकून प्रमाण मानणेही बरे नव्हे.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. वाटेतच बंड पेटले, आणि १८५८ त इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. ही लढवय्याची नजर नव्हे, अडल्या गृहस्थाची आहे. म्हणूनच सेनापतींच्या खलित्यांत न सापडणारी नगरवासीयांची भीती, लूट आणि दैना तिने टिपली. परंतु हे सारे लिहिले गेले सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीवरून. शिवाय चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ग्रंथ छापताना मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला तो १९६६ त. म्हणजे साठ वर्षे वाचक गोडसे वाचतो आहोत असे समजून काही अंशी वैद्यांनाच वाचत होता!

पंडिता रमाबाई १८८६ त अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. तेथील लोकस्थितीवरचे त्यांचे पुस्तक १८८९ त निघाले. राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था असे विषय त्यांनी निवडले. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले, हे ध्यानात घेतले की निवडीचे मर्म कळते. त्या परदेशात स्वदेशासाठी वाट शोधीत होत्या. त्यामुळे त्या देशाचे त्यांनी कौतुक पुष्कळ केले. तरी काळ्या लोकांना तेथे मिळणारी वागणूक त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

तात्पर्य, वाचनालयातून असे पुस्तक घरी न्याल तेव्हा आधी चार गोष्टी पाहा: लेखक कशासाठी निघाला, त्याने कधी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि छापताना कोणाचा हात फिरला. मग त्याच मुलखाविषयी दुसऱ्याने लिहिलेले पुस्तक शेजारी ठेवा. दोघांचे जिथे जुळते तिथे बहुधा भरवसा ठेवता येतो. जिथे जुळत नाही तिथे आपला स्वतःचा विचार सुरू होतो, आणि घरबसल्या जग पाहणाऱ्याला त्याहून मोठा लाभ कोणता?