तालुक्याच्या कोर्टाकडे पाहताना

देवगाव रंगारीच्या पोलीस ठाण्यात रात्री कोणाला अटक झाली, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. राज्यघटनेच्या २२व्या कलमाने दिलेला हा हक्क आहे. गावासाठी तालुक्याचे कोर्ट कन्नडला. पुकारा होतो, आरोपी उभा राहतो, आणि पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी की जामीन याचा निर्णय समोर बसलेली व्यक्ती करते. अनेकदा ती तरुण असते. बहुधा या भागातली नसते. तिला गावाने निवडून दिलेले नसते. मग ती त्या खुर्चीपर्यंत पोचली कशी? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने याच प्रश्नाच्या दारातून आत यावे, असे मला वाटते.

आपल्याकडे न्यायसंस्थेचा अभ्यास म्हटला की सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले निकाल पुढे येतात. पण सामान्य माणसाची गाठ पडते ती कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाशी. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तोच असतो. वाटणीचा दावा, बांधावरून मनाई हुकूम, पोटगी, मारहाणीचा खटला, धनादेश न वटल्याचे प्रकरण, सगळे त्याच टेबलावर येते. तीन वर्षांपर्यंत कैद तो देऊ शकतो. ज्याच्या एका सहीने कुटुंबाची दिशा बदलते, त्याच्याविषयी आपण इतके कमी लिहावे, याची मला मनापासून खंत आहे.

न्यायाधीश निवडून द्यावा, ही कल्पना काही जगावेगळी नाही. क्रांतीनंतर फ्रान्सने १७९० मध्ये ती अमलात आणली. अमेरिकेत मिसिसिपी राज्याने १८३२ मध्ये सगळेच न्यायाधीश मतदानाने निवडायचे ठरवले, आणि आज तिथल्या बहुतेक राज्यांत कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर न्यायाधीशाला मतदारांपुढे जावे लागते. मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयापासून खालपर्यंत मतदान घेतले. मतदार आले जेमतेम १३ टक्के. महाराष्ट्रही या विचारापासून अगदीच दूर नव्हता. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमात न्याय पंचायतीची तरतूद होती. ती पुढे वगळली गेली. का वगळली, गावकीच्या आणि भावकीच्या ताणात तिचे काय झाले, यावर कोणी जुन्या दप्तरांतून मराठीत काम केले, तर ते मी सर्वांत आधी वाचेन.

घटनाकारांनी वेगळी वाट धरली. २३४व्या कलमानुसार लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्या सल्ल्याने राज्यपाल नेमणूक करतात. २३५व्या कलमाने पदस्थापना, बढती, रजा यांवर उच्च न्यायालयाचा ताबा असतो. व्यवहारात याचा अर्थ परीक्षा: १०० गुणांची पूर्व, २०० गुणांची मुख्य, ५० गुणांची मुलाखत. उमेदवाराला मराठी बोलता, लिहिता, वाचता यावी लागते आणि इंग्रजीतून मराठीत व उलट भाषांतरही. तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सोडून दिली होती, ती २० मे २०२५च्या निकालाने परत आणली. या उलटसुलट प्रवासामागचा प्रश्न खरा आहे: हुशार मुलीला पदवी मिळताच खुर्चीत बसवायचे, की आधी बार रूममध्ये उमेदवारी करू द्यायची? मी दुसऱ्या बाजूचा. पुस्तकात न दिसणारा पक्षकार तिथेच भेटतो. मात्र ज्या घरात तीन वर्षे बिनकमाईची काढणे परवडत नाही, त्या घरच्या मुलामुलींचा विचार झाल्याशिवाय माझे मत पूर्ण होत नाही, हेही मी जाणतो.

पुढची नोकरी म्हणजे उत्तनच्या न्यायिक अकादमीतले प्रशिक्षण, मग बदल्या, वरिष्ठ स्तर, आणि जिल्हा न्यायाधीशपद. त्या शेवटच्या पायरीवर किमान सात वर्षे वकिली केलेले बाहेरून थेटही येऊ शकतात. हा क्रम कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडेल. मोलाचे आहे ते या नोकरीतून माणसाला काय दिसते ते. न्यायमूर्ती रानडे आपल्याला सुधारक आणि अर्थचिंतक म्हणून ठाऊक आहेत, पण १८७१ मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाल्यापासून १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाईपर्यंत ते याच खालच्या न्यायखात्यात होते. नाशिक आणि धुळ्याला त्यांच्या बदल्या झाल्या. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याखालील कोर्टांच्या तपासणीचे काम त्यांनी केले. शेतकऱ्याचे कर्ज त्यांनी दाव्यांच्या कागदांतून पाहिले होते.

मराठवाड्याच्या अभ्यासकाला आणखी एक थर खणावा लागेल. १९४८ पर्यंत इथला सरकारी कारभार निजामाच्या राज्यातला, उर्दूतला. जुन्या माणसांच्या तोंडी ‘मुन्सफ’ हा शब्द तिथूनच आला. १९५६ नंतर हा मुलूख मुंबई उच्च न्यायालयाखाली आला आणि २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला खंडपीठाचे काम सुरू झाले. खालच्या कोर्टांची भाषा मराठी, हे १९९८च्या अधिसूचनेने ठरले.

ती मराठी कोर्टात कशी वावरते ते पाहायचे असेल, तर साक्षीपुरावा चालू असताना मागच्या बाकावर बसा. समजा, साक्षीदार म्हणतो, “औंदा पेरणीच्या टायमाला यानं बांध कोरला.” कोकणातून बदलून आलेल्या न्यायाधीशाला आधी हे उमगावे लागते की बांध कोरणे म्हणजे दरवर्षी नांगराच्या एका तासाने शेजाऱ्याकडे सरकणे, फावड्याने एकदाच फोडणे नव्हे. मग तो लघुलेखकाला वाक्य सांगतो. ‘प्रतिवादीने बांध फोडला’ असे उतरले, तर दाव्याचे स्वरूपच पालटते. म्हणून चांगला न्यायाधीश थांबतो आणि विचारतो, “कोरला म्हणजे नेमकं काय केलं, बाबा?” म्हातारा दोन्ही हात पुढे करून माती कशी सरकते ते दाखवतो. टंकलेखन पुन्हा सुरू होते. साक्ष वाचून दाखवली जाते, आणि तो कागदाच्या खाली अंगठा उमटवतो.