सिलोन की मुंबई ब?

बुधवारी रात्री आठला दहा मिनिटं कमी असताना रेडिओला खेटून जागा धरायची, ही १९५० नंतरच्या कित्येक मराठी घरांतल्या धाकट्यांची ठरलेली युक्ती. व्हॉल्व्हचा सेट तापायलाच वेळ घेई. मग खरखरीतून रेडिओ सिलोन शोधायचं, काटा केसभर इकडेतिकडे सरकवायचा, आवाज लाटेसारखा वरखाली झाला की श्वास रोखून थांबायचं. एवढ्यात थोरला येऊन सरकारी रेडिओचं 'मुंबई ब' केंद्र लावून गेला की सगळी मेहनत पाण्यात. एरवी ही भावंडं एकमेकांना सांभाळून घेत. थोरल्याचे जुने सदरे धाकटा घाली, ताईने फोडलेली बरणी मांजराच्या नावावर जाई. भांडण व्हायचं ते रेडिओचा कान कोणी पिळायचा यावरून.

त्याला साधं कारण होतं. घरात रेडिओ एकच. मर्फी, फिलिप्स, बुश यांपैकी काहीही असो, ती ऐपतीची वस्तू होती. तिच्यासाठी पोस्टातून लायसन्स काढावं लागे, वर जाळीची एरियल ताणावी लागे, आणि वर्दळीत धक्का लागू नये म्हणून तिची जागा भिंतीतल्या उंच फळीवर असे. तिच्यावर भरतकाम केलेलं झाकणही घातलं जाई. वाड्यात किंवा चाळीत एकाच्या घरी रेडिओ आला की शेजारचेही श्रोते होत, म्हणजे वादाला पक्षकार वाढत. आवडी मात्र घराण्यांसारख्या वेगळ्या. वडिलांच्या पिढीला बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांचा लळा, थोरल्याला गजानन वाटव्यांची भावगीतं, धाकट्यांना सिनेमा.

या घरगुती भांडणात १९५२ साली थेट दिल्लीने उडी घेतली. डॉ. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ मराठी, शास्त्रीय संगीताचे अभ्यासक आणि अभिरुचीच्या बाबतीत घरातल्या सगळ्यांत कडक थोरल्या भावासारखे. सिनेसंगीताने देशाची रुची बिघडते आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी सिनेगीतांची वेळ कापली, गाणी पारखून घ्यायला लावली, आणि गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात म्हणून तेही थांबवलं. निर्माते चिडले. त्यांनी गाणी वाजवण्याचे परवानेच काढून घेतले आणि काही महिन्यांत सरकारी रेडिओवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं. त्याच वर्षी शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरातल्या थोरल्यांची चंगळ झाली, पण तीही पूर्ण नव्हे: पेटीवर तर १९४० पासूनच बंदी होती. ज्या महाराष्ट्राचा कान नाटकातल्या पेटीवर घडला, त्याला रेडिओवरचं गाणं पेटीशिवाय ऐकावं लागे.

धाकट्यांना रस्ता सापडला तो समुद्रापलीकडे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी कोलंबोत उभारलेली ताकदवान यंत्रणा युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आली होती. तिला शॉर्टवेव्हवरून भारताचं अंगण ओलांडणं अवघड नव्हतं. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत मुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि गाणी तिथून उलट भारतात येत. दिल्लीने दार लावलं, तर मुंबईचं गाणं कोलंबोला वळसा घालून मुंबईतच परतलं.

या कार्यक्रमामागेही भावंडांचीच जोडी होती. हमीद सयानी हे इंग्रजी निवेदनातलं मोठं नाव, आणि त्यांचा धाकटा भाऊ अमीन. बिनाका टूथपेस्टच्या कंपनीचाच पाश्चात्त्य गाण्यांचा 'बिनाका हिट परेड' आधीपासून चालू होता. तसाच हिंदीत हवा, असं ठरल्यावर आठवड्याला पंचवीस रुपयांत तो करायला नावाजलेले निवेदक तयार होईनात. काम विशी गाठत आलेल्या अमीनकडे आलं. थोरल्याच्या बोटाला धरून रेडिओत आलेला धाकटा पुढे थोरल्याहून जास्त घरांत पोचला. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, पुढे आठवड्याचा आकडा ६५ हजारांपर्यंत चढला. १९५४ पासून गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लागू लागली. अमीनभाई त्या क्रमाला 'पायदान' म्हणत.

या पायदानाने घरातल्या वादाचा नूर पालटला. आधी 'हे गाणं चांगलं' याला 'कशावरून?' एवढंच उत्तर होतं. आता धाकट्याच्या हाती पुरावा आला: अमुक गाणं आज तिसऱ्या पायदानावर आहे. वहीत क्रम लिहून ठेवणारी मुलं गावोगाव होती. लोकांना आवडतं म्हणून ते चांगलं ठरत नाही, हा थोरल्यांचा युक्तिवाद योग्यच होता. पण तो बुधवारी रात्री आठ वाजता कोणी ऐकून घेत नसे.

केसकरांच्या धोरणाला महाराष्ट्रानेच एक गमतीदार उत्तर दिलं. पुणे केंद्र सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तोच १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. वर्षभर, आठवड्याला एक अशी ५६ गीतं. घरोघरी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकत. आजी, थोरला, ताई, धाकटा सगळे एका जागी, आणि काट्याला कोणी हात लावत नाही, असं दृश्य रेडिओच्या इतिहासात दुर्मीळच. पण माडगूळकर आणि फडके मूळचे कुठले? सिनेमातले. एक पटकथा आणि गीतं लिहिणारा, दुसरा चित्रपटांचा संगीतकार. ज्या गाण्याला मंत्र्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच दुनियेतल्या दोन माणसांनी मंत्र्यांच्या रेडिओला सर्वांत मोठं मराठी यश मिळवून दिलं.

दिल्लीलाही हे उमगलं असावं. ३ ऑक्टोबर १९५७ ला केसकर मंत्रिपदावर असतानाच विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाचं गाणं सरकारी दारातून सन्मानाने परत आलं. सूत्रं होती चित्रपटगीतं लिहिणाऱ्या पं. नरेंद्र शर्मांकडे. पुढे १ नोव्हेंबर १९६७ ला या सेवेवर जाहिराती आल्या, त्याही आधी मुंबई, पुणे आणि नागपूर इथे. मराठी घरांत आता 'संगीत सरिता' एकाला, 'भूले बिसरे गीत' दुसऱ्याला आणि 'छायागीत' तिसऱ्याला, अशी वाटणी झाली. मुंबई केंद्रावरची 'आपली आवड' होतीच. नावात 'आपली' असली तरी ती प्रत्यक्षात कोणाची, हा प्रश्न घरोघर उरलाच.

तडजोडीची एक जागा मात्र पूर्वीपासून होती: गायक-नट सैगल. सिलोनवर सकाळी आठच्या आधी जुन्या गाण्यांच्या शेवटी सैगलचं गाणं ठरलेलं. तेव्हा थोरला दाढी करता करता थांबे, धाकटाही गप्प बसे. लता मंगेशकरांचे वडील मास्टर दीनानाथ यांच्या घरी सिनेमाच्या गाण्यांना मज्जाव होता, सूट होती ती सैगलना. लताबाई सांगत की त्यांनी पहिला रेडिओ हौसेने घेतला, लावला, आणि पहिलीच बातमी कानी आली ती सैगल गेल्याची. ते १८ जानेवारी १९४७ ला गेले. लताबाईंनी तो रेडिओ परत करून टाकला.

त्याच घरातल्या दोन बहिणींवरून पुढे लाखो भावंडं भांडली. 'लता की आशा' हा वाद पानसुपारीसारखा कुठेही निघे. ओ. पी. नय्यर यांनी लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही, त्यांच्या चाली आशाबाईंच्या गळ्यातून घराघरांत गेल्या. म्हणजे नय्यरच्या बाजूने बोलणाऱ्याला पक्ष आपसूकच मिळे. आशाबाई पुढे पॉपपर्यंत गेल्या, भाऊ हृदयनाथ अमीर खाँसाहेबांकडे शिकून स्वतःच्या अवघड चालींकडे वळले. गाण्याच्या वाटा अशा फाकल्या, तरी दोघी बहिणी पेडर रोडच्या प्रभुकुंजमध्ये शेजारीशेजारी राहिल्या. श्रोत्यांचं भांडण मात्र त्यांच्या दारापर्यंत कधी पोचलंच नसावं, पण ते त्वेषाने चालू राहिलं.

मग ट्रान्झिस्टर आला. उशाशी ठेवता येणारा रेडिओ ज्याला मिळाला, तो बैठकीतल्या वादातून सुटला. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि तंटा दुसऱ्या पेटीवर गेला. कॅसेटी, आखाती देशांतून आलेले टू-इन-वन, वॉकमन या क्रमाने आठव्या-नवव्या दशकात प्रत्येकाच्या कानाला स्वतंत्र गाणं मिळालं. थोरल्याला धाकट्याचं गाणं ऐकावं लागेना, धाकट्याला थोरल्याचं. तोटा झाला तो धाकट्यांचा, असं इथे निखालस म्हणावंसं वाटतं. कारण नाइलाजाने ऐकलेला भीमपलास पुढे त्यांच्याच कामी येत असे.

'गीतमाला' १९८९ मध्ये सिलोन सोडून विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. तुमच्याकडे माळ्यावर जुना सेट पडला असेल, तर झाकण काढून काचेवरचा काटा कुठे थांबलाय ते बघा. आणि तो तिथे शेवटचा कोणी नेला, हे भावंडांना विचारायचं असेल, तर सगळी एकत्र जमलेली असताना विचारा.