मॉरिशसची जुनी छायाचित्रे आणि आपल्या घरातील पेटी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या यावल तालुक्यास समुद्र दूरचाच. तथापि एका बेटावरील मराठी कुटुंबांची हकीकत या स्मरणिकेत द्यावी असे आम्हांस वाटले. कारण तिच्यातून आपल्या घरांस घेण्याजोगा एक धडा आहे.

मॉरिशस बेटावर 1835 साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उसाच्या मळ्यांस मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून गिरमिटावर नेण्यात आले. 1834 पासून 1910 पर्यंत तेथे गेलेल्यांची संख्या सुमारे साडेचार लक्ष भरते. मराठी मंडळी मुंबई बंदरातून निघाली. त्यांत रत्नागिरीकडील लोक पुष्कळ होते. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, त्या आप्रवासी घाटास 2006 साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

तेथे प्रत्येकाची नोंद वहीत होई. नाव, पित्याचे नाव, वय, जात, गाव, अंगावरील खूण, सारे लिहिले जाई. पुढे 1867 च्या कायद्याने, करार पुरा केलेल्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. परवाना नसल्यास पोलीस धरून नेत. ती छायाचित्रे हौसेची नव्हेत, पाळतीची होत. परंतु काळाची गती विलक्षण! मजुरांस जखडणारे तेच कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन झाले असून, त्यांच्याच आधारे तेथील घराणी आपल्या मूळ पुरुषाचे गाव, आणि दैव अनुकूल असल्यास त्याचा चेहराही, शोधून काढतात. 1896 साली भिवाजी कुटुंबाने त्या बेटावर प्रथम गणेशोत्सव केला, ही आठवण तेथे अद्याप सांगितली जाते. गणेशोत्सवानिमित्त तेथे सार्वजनिक सुटी असते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या पेट्यांतील छायाचित्रे प्रेमाने काढविलेली आहेत; परंतु त्यांची मागील बाजू बहुधा कोरी! वंशावळीत तर पुरुषांचीच नावे. त्या परक्या वहीत मजूर स्त्रीचेही नाव नोंदलेले आहे. आपल्या पणजीचे नाव मात्र आपणांपैकी किती जणांस सांगता येईल? परक्या सरकारने धाकासाठी जे लिहून ठेवले, ते आपण मायेपोटीही लिहू नये काय?

यास्तव आमची विनंती अशी की, येत्या दिवाळीत घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि प्रत्येक छायाचित्रामागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, पित्याचे नाव, गाव, साल व स्त्रियांचे माहेर लिहावे. सांगणारे आहेत तोवरच हे कार्य होण्यासारखे आहे.