सात रंगांची यादी : अन्न व प्रसाधने यांतील कृत्रिम रंगांच्या नियंत्रणाचा इतिहास

अन्नाची पारख जिभेच्या आधी डोळा करतो. लोणी पिवळसर दिसावे, मिठाई झळकावी, लोणचे हिरवेगार राहावे, ही ग्राहकाची अपेक्षा जुनी आहे आणि तिचा लाभ उठविणारा व्यापारीही तितकाच जुना आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवहारात एक नवा घटक शिरला. कोळशाच्या डांबरापासून प्रयोगशाळेत तयार केलेली रंजकद्रव्ये प्रथम कापडात, मग अन्नात आणि पुढे मनुष्याच्या त्वचेवर येऊन पोहोचली. त्यांना आवर घालण्याचे जे प्रयत्न पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, झाले त्यांचा इतिहास वरवर पाहता काही रंगांवरील बंदीचा इतिहास वाटतो. वस्तुतः तो सिद्धतेच्या भाराचा इतिहास आहे. पदार्थ अपायकारक आहे हे शासनाने सिद्ध करावयाचे, की तो निरुपद्रवी आहे हे विकणाऱ्याने सिद्ध करावयाचे, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

कृत्रिम रंगांपूर्वीचे अन्न निर्मळ होते अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. फ्रेडरिक अ‍ॅकम या लंडनस्थित जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली अन्नातील भेसळीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात शेंदराने रंगविलेले चीज आणि तांब्याच्या क्षारांनी हिरवी केलेली लोणची यांचे दाखले आहेत. दोषी व्यापाऱ्यांची नावेही त्याने छापली होती. पुढे १८५१ ते १८५४ या काळात डॉक्टर आर्थर हिल हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लंडनच्या बाजारातील असंख्य नमुने तपासले आणि त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकातून प्रसिद्ध झाले. १८५८ साली ब्रॅडफर्ड येथे मिठाईत स्वस्त भर म्हणून घालावयाच्या पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून सोमल मिसळला गेला आणि सुमारे वीस माणसे दगावली. या पार्श्वभूमीवर १८६० साली ब्रिटनमध्ये भेसळविरोधी पहिला सर्वसाधारण कायदा झाला व १८७५ साली त्याहून परिणामकारक असा दुसरा कायदा आला.

याच सुमारास, १८५६ साली, विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने क्विनीन तयार करण्याच्या प्रयत्नात जांभळ्या रंगाचे एक द्रव्य मिळविले. डांबरजन्य रंगांच्या प्रचंड उद्योगाचा प्रारंभ तेथून झाला. हे रंग अन्नात आले ते सुधारणा म्हणूनच आले, ही गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. शिशाच्या वा तांब्याच्या रंगाची चिमूट लागे तेथे या रंगाचा अंशमात्र पुरे. शिवाय ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि त्यांची छटा वर्षभर एकसारखी राहत असे. केशर, शेंद्रीच्या बिया, हळद यांना ही सोय नव्हती. मात्र या सोयीतच संकटाचे बीज होते. कापडासाठी बनविलेल्या रंगात उत्पादनाच्या ओघात सोमलासारखी विषे राहून जात. आणि रंग अन्नासाठी निराळा शुद्ध करावा असे बंधन उत्पादकावर नव्हते. शिळा माल ताजा आणि हलका माल उंची भासविण्याचे साधनही त्यामुळे आयतेच हाती आले.

अमेरिकेत या प्रश्नाला राजकीय स्वरूप दिले ते हार्वे वायली यांनी. कृषिखात्याच्या रसायन विभागाचे ते प्रमुख होते. १९०२ साली त्यांनी बारा तरुण स्वयंसेवकांची एक पंगत वॉशिंग्टन येथे बसविली. या तरुणांना मोजूनमापून जेवण दिले जाई आणि त्याबरोबर टाकणखार, सॅलिसिलिक आम्ल, बेन्झोइक आम्ल, फॉर्मॅल्डिहाइड इत्यादी परिरक्षकांच्या वाढत्या मात्रा दिल्या जात. वृत्तपत्रांनी या मंडळींना 'विषपथक' असे नाव दिले. आजच्या कसोटीने हे प्रयोग अपुरे ठरतात. माणसे मोजकी होती आणि तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. वायलींचे सर्वच निष्कर्ष टिकलेही नाहीत : बेन्झोएटच्या अल्प मात्रेविषयी १९०९ साली आयरा रेम्सन यांच्या तज्ज्ञ मंडळाने त्यांच्या विरुद्ध मत दिले. परंतु रोजच्या ताटातील रसायनांची तपासणी हे शासनाचे कर्तव्य आहे, ही जाणीव लोकांत रुजविण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. १९०६ च्या ३० जून रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषधी कायद्यावर स्वाक्षरी केली, तीत या जाणिवेचा वाटा मोठा होता.

कायद्यापाठोपाठ रंगांची छाननी झाली. बर्नहार्ड हेसे या रंगतज्ज्ञाने बाजारातील सुमारे ऐंशी डांबरजन्य रंगांची माहिती एकत्र केली. त्यांपैकी अनेकांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे कोणी कधी तपासलेच नव्हते. १९०७ साली सात रंग अन्नास योग्य म्हणून निवडण्यात आले : अ‍ॅमरंथ, पाँसो ३आर, एरिथ्रोसिन, ऑरेंज १, नॅफ्थॉल यलो एस, लाइट ग्रीन एसएफ आणि नीळवर्गीय इंडिगोटीन. ऐंशीतून सात ही निवड धाडसी होती. तथापि त्या काळचे ज्ञान तत्काळ होणाऱ्या विषबाधेपुरते मर्यादित होते. वर्षानुवर्षे अल्प मात्रेत पोटात जाणारे द्रव्य काय करते, हे सांगणारे शास्त्र अद्याप जन्मावयाचे होते.

कायद्यातील खरा उणेपणा अन्यत्र होता. रंगांचे प्रमाणीकरण उत्पादकाच्या इच्छेवर होते आणि अपायाची सिद्धता शासनावर होती. नायट्रोजन पेरॉक्साइडने पांढऱ्या केलेल्या पिठासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९१४ साली असा निर्णय दिला, की अन्नात विषारी द्रव्य आहे एवढे दाखविणे पुरेसे नाही. त्या अन्नाने आरोग्यास अपाय होऊ शकतो हेही शासनाने दाखविले पाहिजे. प्रसाधने तर या कायद्याच्या कक्षेत नव्हतीच. १९३३ च्या सुमारास पापण्या रंगविण्याच्या एका प्रसाधनातील पॅराफेनिलीनडायअमिनमुळे एका स्त्रीची दृष्टी गेली, तरी ते जप्त करण्याचा अधिकार कोणाला नव्हता. शेवटी अधिकाऱ्यांनी अशा वस्तूंचे व त्यांच्या बळींच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले. १९३७ साली सल्फानिलॅमाइडचे एक द्रवरूप औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकण्यात आले व शंभराहून अधिक माणसे, त्यांत अनेक बालके, मृत्यू पावली. ते औषध जप्त करता आले ते विषारी म्हणून नव्हे. 'एलिक्सिर' या नावाच्या औषधात मद्यार्क असावा लागतो व तो त्यात नव्हता, एवढ्या एका कलमावर. कायद्याच्या दुबळेपणाचा याहून विदारक पुरावा शोधूनही सापडला नसता.

१९३८ च्या नव्या कायद्याने प्रसाधने कक्षेत आणली आणि डांबरजन्य रंगांच्या प्रत्येक घाण्याची तपासणी सक्तीची केली. केसांच्या कलपांना मात्र धोक्याची सूचना छापण्याच्या अटीवर सूट मिळाली. इतके होऊनही १९५० च्या शरदात, हॅलोवीनच्या सणात, ऑरेंज १ ने रंगविलेली मिठाई खाऊन अनेक मुले आजारी पडली. हा रंग १९०७ च्या सातांपैकी एक होता. तत्पूर्वी जपानी संशोधकांनी, प्रथम यामागिवांच्या परंपरेतील सासाकी व योशिदा यांनी आणि १९३६ च्या सुमारास किनोसिता यांनी, काही अ‍ॅझो रंगांमुळे उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असे दाखविले होते. आणि किनोसितांनी अभ्यासिलेला रंग 'बटर यलो' या नावाने ओळखला जात होता. कॉंग्रेसचे सभासद जेम्स डिलेनी यांच्या समितीने १९५० ते १९५२ या काळात खाद्यातील रसायनांविषयी दीर्घ साक्षी नोंदविल्या. त्यांचे फळ म्हणजे १९५८ ची खाद्यमिश्रकविषयक दुरुस्ती व १९६० ची रंगविषयक दुरुस्ती. या दोहोंनी सिद्धतेचा भार उलटविला : नवे द्रव्य निर्धोक असल्याचा पुरावा ते विकू पाहणाऱ्याने आधी द्यावा, असे ठरले. मनुष्यात वा प्राण्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यास परवानगी देऊ नये, असे डिलेनींच्या नावाने ओळखले जाणारे कलमही त्यांत आले.

नवी कसोटी लागताच जुन्या यादीची गळती सुरू झाली. ऑरेंज १ हा १९५६ साली, नॅफ्थॉल यलो एस १९५९ साली, पाँसो ३आर १९६१ साली आणि लाइट ग्रीन १९६६ साली अन्नातून गेला. अ‍ॅमरंथची निर्दोषता सिद्ध न झाल्याने १९७६ साली त्याची परवानगी संपली. एरिथ्रोसिनची कथा सर्वांत बोधप्रद आहे. नर उंदरांत त्यामुळे गलग्रंथीच्या गाठी होतात असे आढळल्यावर १९९० साली प्रसाधनांतून त्यास काढण्यात आले. परंतु अन्नात तो राहिला. ओठांना लावण्यास निषिद्ध आणि गिळण्यास मुभा, ही विसंगती तीन तपे टिकली. जानेवारी २०२५ मध्ये अन्नातील परवानगी रद्द झाली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत मिळाली. उंदरांतील ही क्रिया मनुष्यात तशीच घडते असे शासनाने म्हटलेले नाही. निर्णय डिलेनी कलमाच्या शब्दानुसार झाला. युरोपात मार्ग वेगळा निवडला गेला. साउदॅम्प्टन येथील २००७ च्या अभ्यासात काही रंगमिश्रणे आणि मुलांची चंचलता यांचा संबंध दिसल्यानंतर, २०१० पासून सहा रंगांच्या वेष्टनांवर इशारा छापणे बंधनकारक झाले.

भारतातही हा प्रवाह पोहोचला. मुंबई प्रांतात १९२५ साली भेसळ प्रतिबंधक कायदा झाला होता. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने व त्याखालील नियमांनी कृत्रिम रंगांची परवानगीयादी दिली. १९६२ च्या दुरुस्तीने औषधविषयक कायद्यात प्रसाधनांचा समावेश झाला. आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांत आठ कृत्रिम रंगांना, मर्यादित पदार्थांत व मर्यादित मात्रेत, परवानगी देण्यात आली. परंतु येथील अडचण यादीबाहेरच्या रंगांची अधिक आहे. हळदीच्या पुडीत व मिठाईत आढळणारा मेटॅनिल यलो हा मुळात कापडाचा व कातड्याचा रंग. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर येणारी गुलाबी छटा पाणी घालूनही टिकली, तर त्याची उपस्थिती कळते. हळद आणि चुना यांच्या संयोगाने घरोघरी होणाऱ्या कुंकवाची जागा बाजारी रंगाने घेतली, तेव्हा तोच प्रश्न कपाळावरही उमटला. २०२४ साली तमिळनाडूने ऱ्होडमिन बी या रंगामुळे साखरेच्या 'म्हातारीच्या केसां'वर बंदी घातली. यादी कितीही चोख असली तरी तिच्यामागे प्रयोगशाळा व निरीक्षक नसतील, तर ती कागदावरच राहते.

या इतिहासातून 'कृत्रिम ते सर्व विषारी, नैसर्गिक ते सर्व निर्मळ' असा सिद्धांत निघत नाही. शेंदूर व सोमल हे काही प्रयोगशाळेने जन्मास घातले नव्हते. निघते ते एवढेच, की निरुपद्रवीपणा हे द्रव्याचे कायमचे बिरुद नसून त्या त्या काळच्या ज्ञानाने दिलेली मुदतबंद परवानगी असते. १९०७ साली सर्वोत्तम शास्त्राने निवडलेल्या सातांपैकी एकटा इंडिगोटीन आज अमेरिकेच्या यादीत निर्वेध उरला आहे. उरलेल्या रंगांची परीक्षा ग्राहकाने, आणि पुष्कळदा बालकांनी, नकळत दिली. रंगाचे काम केवळ डोळ्यास रिझविणे एवढेच असताना त्यासाठी किती धोका पत्करावा, हे ठरविण्याचा अधिकार खाणाऱ्याचा आहे. आणि तो बजावता यावा म्हणून पुरावा देण्याचे उत्तरदायित्व विकणाऱ्याचे आहे. शंभर वर्षांच्या धडपडीने मिळविलेले हे तत्त्व जेथे जेथे सैल होते, तेथे तेथे जुनाच इतिहास नव्या रंगाने पुन्हा लिहिला जातो.