मानेतील चार दाणे आणि एक धागा

गेल्या वर्षी बंगळुरूच्या इंदिरानगरात राहणाऱ्या माझ्या आत्याचे थायरॉइडच्या कर्करोगासाठी ऑपरेशन ठरले. संमतिपत्रावर सही करताना दोन ओळींपाशी नजर अडखळली: आवाज बदलू शकतो, रक्तातील कॅल्शियम उतरू शकते. त्या ओळींमागे मोठा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गलगंड काढताना रुग्ण रक्तस्रावाने आणि जंतुदोषाने दगावत. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी एकेक रक्तवाहिनी बांधत, निर्जंतुक पद्धतीने हे मृत्यू कमालीचे घटवले. परंतु १८८३च्या सुमारास त्यांनीच जुने रुग्ण तपासायला बोलावले, तेव्हा संपूर्ण ग्रंथी काढलेले बहुतेक जण सुजलेले, मंदावलेले आढळले. स्वतःच्या यशाची ही उलटतपासणी मला त्यांच्या १९०९च्या नोबेलहून मोठी वाटते. व्हिएन्नात बिलरोथ यांच्या रुग्णांना मात्र हातापायांत पेटके येत. अमेरिकी शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी दोघांचेही काम पाहिले होते. त्यांचा तर्क असा: कोखर सावकाश, ग्रंथीला चिकटून काम करीत; थायरॉइड पूर्ण निघे, पण मागच्या परावटू ग्रंथी वाचत. बिलरोथ यांच्या वेगात थायरॉइडचा अंश उरे आणि परावटू जात.

डाळीच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी प्रथम रिचर्ड ओवेन यांना दिसल्या त्या माणसात नव्हेत, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये मेलेल्या भारतीय गेंड्यात! माणसात त्या १८८० मध्ये स्वीडनच्या सांडस्ट्रॉम यांनी वर्णिल्या. कॅल्शियमचे नियंत्रण त्यांच्याकडे असते, हे त्यानंतर उलगडले.

आवाजाची चेता ग्रंथीमागून धाग्यासारखी वर चढते. तिच्या वाटेला जाऊच नये, असा जुना संकेत होता. १९३८ मध्ये बोस्टनच्या लेही यांनी तो उलटवला: चेता शोधा, डोळ्यांसमोर ठेवा, मगच कापा. आज चेतेचे विद्युत्-निरीक्षण करणारे यंत्रही असते, पण ते नजरेला पर्याय नाही.

कर्करोगात बरेचदा पूर्ण ग्रंथी, कधी भोवतालच्या लसीका गाठीही काढाव्या लागतात. धोका तिथे वाढतो. परावटूंचा रक्तपुरवठा राखणे, तो तुटल्यास ग्रंथीचे बारीक तुकडे स्नायूत रोवणे, आधी व नंतर स्वरयंत्र तपासणे, हे उपाय रूढ आहेत. चेतेलगत राहिलेल्या सूक्ष्म अंशासाठी किरणोत्सारी आयोडीन असते. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या उपचाराचे आपल्याकडील मोठे केंद्र आहे. पहिल्या काही तासांत मान फुगून श्वास कोंडू लागला, तर मात्र टाके तिथल्या तिथे उघडावे लागतात.

आत्याला दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवड्यांनी बंद झाल्या.